मले चढत नाही

आमच्या घरात माणूस प्यालेला आहे की नाही हे त्याच्या पायांवरून ठरत असे. पाय सरळ पडले तर तो प्यालेला नाही, मग तोंडाला कितीही वास येवो. पाय वाकडे पडले तर तो बेवडा, मग त्याने घोटभरच का घेतलेली असेना. या न्यायाने माझे भासरे, म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ, जन्मात कधी प्यालेले नव्हते. रोज घेत होते, पण प्यालेले नव्हते. "मले चढत नाही," असं ते सांगत, आणि घरातली माणसं ते वाक्य चारचौघांत अशा तोऱ्यात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या घराण्यात कोणी पहिलवान निपजला आहे.

मी त्या घरात लग्न होऊन आले तेव्हा साठचं दशक सरत आलं होतं. कळमेश्वरच्या पुढे गावी शेती आणि संत्र्यांचा बगीचा, नागपुरात राहतं घर आणि गांधीबागेत कापडाचं दुकान. दुकान भासरे बघत, माझे यजमान शाळेत मास्तर होते. राज्यात तेव्हा दारूबंदी होती, पण भासऱ्यांकडे परमिट होतं. प्रकृतीसाठी थोडी घेणं जरूर आहे असं कोणा डॉक्टरने लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात प्रकृती ठणठणीत होती. पण सरकारच म्हणतं की यांना गरज आहे, तर आपण बोलणारे कोण, असं सासूबाई म्हणत. परमिटवर मिळे ती प्रकृतीसाठी, आणि बगीच्यातल्या झोपडीत मोहाची मिळे ती पाहुण्यांच्या आग्रहासाठी.

आता दुसरी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नसे. ते समोरून आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, भिंतीकडे सरकायचं आणि ते गेले की मग श्वास सोडायचा. काही सांगायचंच असेल तर मध्ये कोणीतरी लागे. एखादं पोर असलं तर पोर, नाहीतर सासूबाई, आणि कोणीच नसलं तर समोर जी वस्तू असेल ती. मी घागरीला सांगत असे की पान वाढलं आहे, आणि भासरे घागरीला उत्तर देत की येतो. दुकानातून आलेला निरोप मी तुळशीला सांगितलेला आहे. माहेरी हे मी सांगितलं तेव्हा माझी आई हसून लोळली होती. मला मात्र हसू येणं लवकरच बंद झालं, कारण घागरीशी बोलून बोलून माणसाला वाटू लागतं की आपणही घागरच आहोत.

भासऱ्यांची एक काळी गाडी होती, जुनी घेतलेली. तिच्यावर त्यांचा फार जीव. मोहल्ल्यात त्या गाडीपेक्षा जास्त चर्चा होती ती ते बायकोला गाडीत कसं बसवतात याची. त्या काळी आमच्यासारख्या घरातली बाई पुढच्या सीटवर बसत नसे. माझ्या जाऊबाई बसत. आणि गाडी थांबली की भासरे आधी स्वतः उतरत, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला येत आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरत. साहेब लोकांतही एवढं कोणी करत नसेल. पानठेल्यावरची माणसं त्यांना जोरूचा गुलाम म्हणून चिडवत आणि ते हसत. जाऊबाईही खाली बघून हसत. मला त्यांचा हेवा वाटत असे, हे सांगायला लाज कसली? माझे यजमान देवमाणूस, पण त्यांनी जन्मात माझ्यासाठी कशाचंही दार उघडलं नव्हतं. जाऊबाईंच्या बाजूची काच मात्र चार बोटंच उघडी असे, भर उन्हाळ्यातही. लू लागते, असं भासरे म्हणत.

लग्नानंतरच्या एका भाऊबीजेला माझा भाऊ आला. तो डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्या संध्याकाळी भासऱ्यांनी आपला नेहमीचा खेळ करून दाखवला. बैठक झाल्यावर ते काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला तळहातावर घेत आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत थेंबही न सांडता चालून जात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या भावानेही वाजवल्या. मग मागच्या अंगणात हात धुताना तो मला हळूच म्हणाला, "ताई, यांच्या गाडीत बसत जाऊ नको."

मी म्हटलं, अरे, त्यांना चढत नाही. त्यावर तो मोरीच्या कठड्यावर बसला आणि मला समजावून सांगू लागला. दारू पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत. रिकाम्या पोटी लवकर जाते, भरल्या पोटी सावकाश, पण जातेच. रक्तात जितकी जास्त तितका मेंदू सुस्त, मग माणूस पहिलवान असो की पुजारी. सगळ्यात आधी अक्कल जाते, म्हणजे आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे ओळखायची अक्कल. त्यामुळे माणसाला वाटतं, आज तर आपण नेहमीपेक्षा झकास आहोत. मग नजर जाते. समोरचं दिसतं, पण बाजूचं निसटतं आणि अंतराचा अंदाज चुकतो. मग हात. डोळ्यांनी पाहिलेलं हातापर्यंत पोचायला उशीर होतो.

"अन् सगळ्यात शेवटी पाय," तो म्हणाला. "आपण सगळे बसतो पायाकडे पाहत."

रोज घेणाऱ्याचे पाय म्हणे शिकून घेतात. ओळखीच्या अंगणात ते सरळ चालतात. पण रस्त्यात अचानक पोर आडवं आलं तर जे लागतं ते कोणाच्या शिकण्यात येत नाही. मी विचारलं, मग लिंबू, ताक, डोक्यावर थंड पाणी? तो हसला. थंड पाणी ओतलं की ओला झालेला प्यालेला माणूस मिळतो, बाकी काही नाही. यकृताचं काम रेशनच्या दुकानासारखं आहे, बाहेर कितीही आरडाओरडा करा, आत एकेकालाच घेणार. वेळ जाणं हाच एक इलाज. आणि पेला खाली ठेवला म्हणून चढणं थांबत नाही, पोटात असते ती रक्तात येतच राहते. तेव्हा निघताना बरा दिसणारा माणूस वाटेत बिघडू शकतो.

मग करायचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, किल्ली काढून घ्यायची. त्याच्यासाठी ते सोपं होतं. घरात ही गोष्ट जिला कळली होती तीच नेमकी त्यांच्याशी बोलू शकत नव्हती. मी ते सगळं यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, दादाला कोण सांगणार? मग जाऊबाईंना सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, सुपाला एक झटका दिला आणि म्हणाल्या, "तू मागं बसते वं. मी समोर बसते." मला वाटलं, त्यांना सांगायचं आहे की काळजी माझी, तू नको करू.

त्यानंतर माझी मुलगी झाली. ती रांगू लागली होती, बोलू लागली नव्हती, त्या उन्हाळ्यात गावी चुलत नणंदेचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. यजमान परीक्षेच्या कामाला अमरावतीला गेलेले, म्हणून मी भासऱ्यांच्या गाडीतून गेले. सकाळचा प्रवास सुखाचा झाला. दुपारी मांडवात पंगती बसल्या, आमरस होता, पाटवडीचा रस्सा होता. पुरुषांची एक पंगत मात्र जेवायच्या आधीच बगीच्यातल्या झोपडीकडे गेली आणि ऊन चांगलं डोक्यावर येऊन कलायला लागलं तेव्हा परत आली. भासऱ्यांनी दोन घास खाल्ले न खाल्ले आणि उठले. घरी कोणी नाही, गाईचं दूध काढायला माणूस यायचा, म्हणून आम्हा दोघी सुनांना घेऊन त्यांनी लगेच निघायचं ठरलं. सासूबाई गावीच राहणार होत्या.

मी सासूबाईंना म्हटलं, मी एस.टी.ने जाते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पायी काशीला जायचं म्हणते आहे. घरची गाडी दारात उभी असताना घरची सून एस.टी.त बसली तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्या म्हणाल्या. मी धीर करून म्हटलं, भासऱ्यांनी घेतली आहे. त्या म्हणाल्या, त्याले चढत नाही. तरीही त्यांनी तांब्याभर ताकात लिंबू पिळलं, ते लेकाला उभ्याने प्यायला लावलं, आणि त्यांनी तांब्या रिकामा केल्यावर मला सांगितलं की झालं, आता उतरली. जी चढलीच नव्हती ती उतरली कशी, हे विचारायची सोय नव्हती. मी मुलीला काखेत घेतलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. भासऱ्यांनी जाऊबाईंसाठी दार उघडलं, त्या बसल्यावर जपून लावलं, आणि सरळ पावलांनी वळसा घालून आपल्या जागेवर आले.

मला सुरुवातीपासून भीती वाटत होती, आणि ती फार साध्या गोष्टींची होती. गाडी रस्त्याच्या मधोमध चालली होती. समोरून ट्रक आला की ती बाजूला होत होती, पण प्रत्येक वेळी जराशी उशिरा. भासरे मजेत होते. साक्षगंधातल्या पाहुण्यांच्या नकला करत होते, शब्द न् शब्द स्पष्ट होता. एका दूधवाल्याची सायकल डाव्या बाजूने चालली होती, ती त्यांना दिसलीच नाही. शेवटच्या क्षणी तो बिचारा कॅनसकट रस्त्याखाली उतरला आणि भासरे खिडकीतून ओरडले, आंधळा आहे का बे. मग वेग वाढवला. मला भावाचे शब्द आठवत होते. शेवटचा पेला झोपडीत होऊन फार वेळ झाला नव्हता, म्हणजे अजून रक्तात येतच होती. हे आत्ता आहेत त्याहून पुढच्या वळणावर जास्त प्यालेले असणार होते. जाऊबाईंचं मला फक्त डोकं दिसत होतं, ते हलत नव्हतं.

मध्ये बोलायला कोणीतरी हवं होतं. जाऊबाईंना सांगून उपयोग नव्हता, त्या तर त्यांच्या बाजूलाच बसल्या होत्या, सांगता आलं असतं तर त्यांनीच कधीचं सांगितलं असतं. घागर नव्हती, तुळस नव्हती. मांडीवर दात येत असलेलं एक पोर होतं, ते माझ्या मंगळसूत्राची वाटी चावत होतं. मी पदर पुढे ओढला आणि त्या पोराला म्हटलं, "सांग वं बाई मोठ्या बाबाले, जरा सावलीत गाडी लावा म्हणा. ऊन उतरलं का जाऊ म्हणा."

आरशात भासऱ्यांचे डोळे दिसले. ते पोरीकडे पाहून हसले. "सांग तुह्या मायले," ते म्हणाले, "मले चढत नाही म्हणा."

पोरगी खुश झाली. तिला वाटलं, आपल्याशी खेळतात. मी परत सांगितलं, पोरीला मळमळते आहे म्हणा, थांबवा म्हणा. त्यांनी परत तिलाच सांगितलं, घर आलंच म्हणा. असं आमचं भांडण एका बोबडंही न बोलणाऱ्या मुलीच्या मार्फत चाललं होतं, आणि ती दोन्हीकडे पाहून टाळ्या पिटत होती. आज हे सांगताना ऐकणाऱ्यांना हसू येतं. मला तेव्हा माझ्या हाताखाली पोरीचं काळीज धडधडताना कळत होतं. धावत्या गाडीतून मी उतरू शकत नव्हते, गाडी थांबवू शकत नव्हते आणि गाडी चालवणाऱ्याशी बोलू शकत नव्हते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कोणालाही जमल्या नसत्या. तिसरीचा मला संताप येऊ लागला.

पुढे रेल्वेचं फाटक होतं. ते बंद होतं, लांबूनच तांबडं-पांढरं दिसत होतं. मला दिसत होतं, जाऊबाईंना दिसत असणार, भासऱ्यांना ते दिसलं तेव्हा ते अगदी जवळ आलं होतं. त्यांनी ब्रेक दाबला, मी पोरीवर ओणवी झाले, गाडी किंचाळत गेली आणि तिचं नाक फाटकाच्या आडव्या दांड्याला टेकून थांबलं. भासरे हसले. बघा, असा असतो ब्रेक, असं काहीतरी म्हणाले.

मी मागचं डावं दार उघडलं आणि पोरीला घेऊन खाली उतरले.

ते मान वळवून बघतच राहिले. मग लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोलले. "गाडीत बस," ते म्हणाले.

डोक्यावरचा पदर घसरला होता. मी तो सावरला नाही. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही बसत. तुम्हाले चढली आहे."

एवढंच. त्यांचा चेहरा असा झाला की कोणी भर मांडवात त्यांचं पागोटं उडवलं असावं. त्यांनी तोंड फिरवलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. तेवढ्यात मालगाडी आली, कोळशाची, लांबलचक. मी जाऊबाईंच्या खिडकीपाशी वाकले आणि त्या चार बोटांच्या फटीतून ओरडले, बाई, तुम्हीपण उतरा, चला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा तळहात काचेवर टेकलेला होता. ओठ हलले. मालगाडीच्या खडखडाटात मला फक्त शेवटचं ऐकू आलं, "जा." मी परत म्हटलं, चला ना. त्यांनी परत तेच म्हटलं आणि त्यांचे डोळे भरले. मालगाडी गेली, दांडा वर झाला, आणि गाडी निघून गेली.

मी पोरीच्या डोक्यावर पदर धरून चालत राहिले. रस्त्याला सावली नव्हती. मागून एस.टी. आली, मी हात केला, कंडक्टरने घेतलं. थोड्याच वेळात एस.टी. थांबली आणि लोक खिडक्यांतून बघायला लागले. रस्त्यातल्या एका मोरीच्या, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाच्या, कठड्यावर ती काळी गाडी डाव्या अंगाने आपटलेली होती. ते डावं दार आत दबलं होतं. माणसं जाऊबाईंना दुसऱ्या बाजूने, स्टिअरिंगच्या बाजूने ओढून काढत होती आणि त्या ओरडतही नव्हत्या. भासऱ्यांच्या कपाळावर एवढंसं खरचटलं होतं. ते रस्त्यावर इकडून तिकडे चालत होते, माणसांना हुकूम देत होते, इकडून धरा, पाय सांभाळा. पाय त्यांचे अगदी सरळ पडत होते.

जाऊबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात पोलीस आले, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी भासऱ्यांनाही तपासलं. चालायला लावलं, चालले. नाव-गाव विचारलं, खणखणीत सांगितलं. तरीही डॉक्टरांनी रक्त काढून घेतलं. माझा भाऊ धावत आला होता, त्याने मला नंतर सांगितलं की सुई टोचायच्या आधी कातडी स्पिरिटने नाही, साध्या पाण्याने पुसली, कारण स्पिरिट म्हणजे दारूच, नाहीतर उद्या वकील म्हणेल की सापडली ती तुमच्या बोळ्यातली. पुढे रक्ताचा निकाल आला. कायद्याला चालते त्याच्या कितीतरी वर होती. आमच्या घरात त्याचा अर्थ असा लावला गेला की रक्तात असेल, पण चढली नव्हती.

मग अपघात झाला तो कशाने? तेही घरात ठरलं. मी उतरले म्हणून. धाकट्या सुनेने रस्त्यात गाडीतून उतरून, डोक्यावर पदर नसताना, भासऱ्यांना तोंड वर करून उलटं बोलावं, मग माणसाचं डोकं ठिकाणावर राहील कसं? सासूबाई हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. यजमान मला एकदाच म्हणाले की तू बरोबर केलंस, तेही खोलीचं दार लावून. भासऱ्यांनी त्यानंतर मला घागरीमार्फतही निरोप पाठवला नाही. मी त्या घरात अशी राहिले की जणू त्या मोरीवर गाडी मीच घातली होती. जायचं कुठे? माहेर त्याच शहरात होतं आणि फार लांब होतं.

मला एकच आधार होता, जाऊबाईंचं ते "जा". कोणी टोचून बोललं की मी सांगत असे की बाईंनीच मला सांगितलं, जा म्हणून. त्यांना स्वतःला नवऱ्याला सोडून उतरता येत नव्हतं, पण डोळ्यांत पाणी आणून त्यांनी मला आणि माझ्या पोरीला जाऊ दिलं. मुलगी समजती झाल्यावर तिलाही सांगितलं की तुझ्या मोठ्या आईने आपल्याला वाचवलं. जाऊबाई समोर असल्या की मान खाली घालून हातातलं काम करत राहत. मला वाटे, मोठं मन आहे, बोलून दाखवत नाहीत.

गाडी दुरुस्त झाली, तिला नवं दार बसवलं. काही महिन्यांनी जाऊबाई काठी घेऊन चालू लागल्या आणि परत पुढच्या सीटवर बसू लागल्या. भासऱ्यांनी आता वळसा घालून यायचं सोडलं होतं. मी त्या गाडीत पुन्हा बसले नाही, लग्नकार्याला एस.टी.ने जात असे, शिष्ट म्हणवून घेत असे. पण अंगणातून निघताना मला दिसे की जाऊबाईंचा डावा हात दाराच्या आतल्या खटक्यावर आहे. गाडी सुटल्यापासून परत येईपर्यंत तो तिथेच असायचा, असं बरोबर गेलेली नात्यातली मुलं सांगत आणि हसत. अपघाताची भीती बसली आहे, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

ऐंशी साल उलटल्यावर भासऱ्यांचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. जी त्यांना कधी चढली नाही ती शेवटी यकृतात उतरली होती. ते गेले. गाडी माझे यजमान चालवायला शिकले, मास्तरकीच्या थाटात, सायकलवाल्यालाही आधी जा म्हणत. मग मी त्या गाडीत बसू लागले.

एकदा आम्ही नागपूरबाहेर बेसाकडे गेलो होतो. तिकडे तेव्हा नुसती शेतं होती. यजमानांना कोणा ओळखीच्याच्या विहिरीचं काहीतरी बघायचं होतं, ते बांधावरून चालत गेले. गाडी कडुनिंबाखाली उभी होती. जाऊबाई पुढे, मी मागे. त्यांचा हात खटक्यावर होता. मी हसत म्हटलं, बाई, आता तरी तो सोडा, गाडी उभी आहे.

त्या म्हणाल्या, "पहिल्या दरवाज्याले आतून खटकाच नव्हता."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, समोरच्या काचेतून शेताकडे बघत, कोणा तिसऱ्याच बाईचं सांगावं तसं. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. एकदा भासरे असेच गाडी चालवत होते. गांधीबागेच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा त्या दार उघडून उतरल्या आणि पायी घरी आल्या. घरी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भासरे पेचकस घेऊन गाडीत बसले. दाराचा आतला खटका काढला, मग काच खाली-वर करायची दांडीही काढली. काच चार बोटं उघडी होती, ती तिथेच राहिली.

"म्हणे, आता तुले उतराचं कामच नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मीच उघडून देत जाईन."

आणि त्यांनी दिलं. पानठेल्यासमोर, दुकानासमोर, देवळासमोर, हसतमुखाने. मी त्या दाराचा हेवा करत आले होते. मग सुचलं ते मी बोलले. म्हटलं, पण बाई, त्या दिवशी फाटकापाशी तुम्ही मला जा म्हणालात.

कडुनिंबाच्या निंबोळ्या टपावर पडत होत्या.

"मी 'जा' नाही म्हटलं वं," त्या म्हणाल्या. "मी 'दरवाजा' म्हटलं."

बाहेरचा खटका माझ्या हातापासून वीतभर होता. मी त्याच्यावर वाकूनच तर उभी होते. मी रडायला लागले. त्या मागे वळल्या नाहीत, कमरेमुळे त्यांना वळता येत नसे. फक्त काठी मांडीवरून बाजूला ठेवली. मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? मी तर जगभर सांगत सुटले होते.

"तू इतक्या मायेनं सांगत होती," त्या म्हणाल्या. "मले ते ऐकाले चांगलं लागे. मीच म्हटलं असं वाटाले लागलं होतं."

यजमान परत आले. आमच्या चेहऱ्यांकडे एकदा बघून त्यांनी गाडी सुरू केली. अंगणात गाडी थांबली तशी मी घाईने उतरले, पुढून वळसा घातला आणि जाऊबाईंच्या दाराकडे हात नेला. काच पूर्ण खाली होती. त्यांनी आतून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी उघडते."

मी बाजूला सरकले. खटका वाजला. त्यांनी आधी काठी टेकवली आणि मग सावकाश खाली उतरल्या.